चार बटाटे, बेचाळीस मिनिटं

२ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

सोबत चौदा कागद पाठवते आहे, आणि एखादा खराब झाला तर म्हणून एक कोरा जास्तीचा. घाबरू नकोस, परीक्षा माझी आहे, तुझी नाही.

माझ्या शिक्षणाचा विषय तू शेजारच्या बाईंना ‘परदेशातल्या सरकारांच्या चांगुलपणाचा अभ्यास’ असा सांगितला होतास. त्याहून बरं मलाही सांगता येत नाही. आंतरराष्ट्रीय सामाजिक धोरण म्हणजे आजारपण, म्हातारपण, बाळंतपण, बेकारी यांत माणसाला कुठल्या देशात कोण सांभाळतं, सरकार, मालक की घरचे, याची तुलना. प्रबंधासाठी मी त्यातला एकच कोपरा घेतला आहे: घरात अंथरुणावर असलेल्या माणसाचं कोण करतं आणि त्या करणाऱ्याला कायदा काय देतो. तीन देशांचे कायदे आणि बारा घरं. कायदे वाचून झाले. अकरा घरांचे कागद इथल्या बायकांनी भरून दिले. बारावं घर आपलं. स्वतःचं घर घेऊ का, हे मार्गदर्शक बाईंना मी तीनदा विचारलं. तिसऱ्या वेळी त्या म्हणाल्या की घे, पण आपलं आहे हे लपवू नकोस, आणि आता चौथ्यांदा विचारू नकोस.

एका दिवसाला एक कागद. काय केलं, कधी सुरू केलं, कधी संपलं. पुढे तीन रकाने आहेत, काळजी, घरकाम आणि विश्रांती. ज्यात बसेल त्यात खूण कर. काकांची कूस बदलणं, अंग पुसणं, पायांचे व्यायाम, खुर्चीत बसवणं हे सगळं काळजीत. माणसांची नावं लिहायची नाहीत असा नियम आहे, म्हणून चौदाही कागदांच्या डोक्यावर ‘घर क्रमांक बारा, बहीण, वय चोपन्न’ असं मीच शाईने लिहून ठेवलं आहे. तेवढाच तुझा वेळ वाचेल.

एक विनंती. चांगलं दिसावं म्हणून काही भरू नकोस. विश्रांतीचा रकाना रिकामा राहिला तरी चालेल. खरं तर तो रिकामाच राहील अशी मला धास्ती आहे.

मेच्या सुरुवातीनंतर तुझं अक्षर पाहिलं नाही. बाबांच्या पत्राखाली ‘आत्याचे आशीर्वाद’ एवढं असतं, तेही त्यांच्याच हाताचं. ३१ ऑगस्टला प्रबंध द्यायचा आहे. झोप लागते. भूक लागत नाही. उलट असतं तर काकांना चेष्टेला विषय मिळाला असता.

आशीर्वाद या वेळी पत्राखाली नको, पत्रातच दे.
तुझी,
बयो


१७ जून

चि. बयोस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे कागद ९ तारखेला सकाळी ११.२० वाजता मिळाले. १० तारखेपासून भरण्यास सुरुवात केली. पहिले सात सोबत पाठवत आहे, उरलेले सात पाठोपाठ येतील. आत्या कामात असते, म्हणून लिहिण्याचे काम माझ्याकडे घेतले आहे. तुझ्या रकान्यांत पंधरा-पंधरा मिनिटांचे खण आखलेले होते. ते मला ढोबळ वाटले, सबब मी मिनिटे लिहिली आहेत. डेपोच्या टाइमकीपरला ७.०४ला ‘सात’ म्हणणे जमत नाही. चौतीस वर्षांची सवय आहे, आता मोडणार नाही.

इकडे सर्व ठीक. काकांची पाठ स्वच्छ आहे, कुठेही लाली नाही. कूस दर दोन तासांनी बदलली जाते. तू फोन केलास तेव्हा आत्या अंघोळीला होती.

स्वयंपाकघरातली सुरी बोथट झाली होती, ती धार लावून आणली. फरक पडला नाही.

जेवणाची आबाळ करू नकोस. लोभ आहे, तो वेळेवर पोहोचेल.
तुझे,
बाबा

ता. क. काका लिहितो आहे. तुझ्या बापाला वाटतं सुरी वाकडी. मला वाटतं अंगणच वाकडं. जास्त विचारू नकोस, चौकशी खिडकी आता बंद आहे.


२८ जून

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

सातही कागद नीट मिळाले. आधी आभार, इतके स्वच्छ कागद अकरापैकी एकाही घरातून आले नाहीत. आता जे लिहिते त्याने रागावू नका.

मी ते आठ वेळा वाचले. इतरांनी ‘स्वयंपाक’ असं एका ओळीत लिहून टाकलं आहे. तुमच्याकडे बटाटे वेगळे, भात वेगळा, भांडी वेगळी. ११ जून: चार बटाटे सोलणे, १०.०८ ते १०.५०. बेचाळीस मिनिटं, बाबा. १२ जून: काकांच्या खालची चादर बदलणे, ५५ मिनिटं. १४ जून: शर्टाची दोन बटणं लावणे, ३८ मिनिटं. आणि विश्रांतीच्या रकान्यात, आठवडाभरात एकदाच: ‘खुर्चीत बसणे, ३ मिनिटे.’

आत्या खाली न बघता बटाटा सोलते. सालाची एकच लांब पट्टी निघते. ती तुटायच्या आत मी नऊचा पाढा संपवायचा, असा आमचा खेळ होता. शाळेत नाव घालण्याआधी मी पाढे तसेच शिकले. नऊचा पाढा घाईघाईने म्हटला तर वीस सेकंद लागतात. बटणं तर तिने अंधारात लावली असती. शिवणाच्या कारखान्यात कटिंग करणारी बाई ती.

तिच्या हाताला काय झालं आहे?

मी तीन वेळा फोन केला. तिन्ही वेळा ती अंघोळीला. एकदा दुपारी अडीच वाजता. घरात फोन एकच आणि तो तुमच्या खिशात, त्यामुळे दुसऱ्या कुणाला विचारताही येत नाही. इथल्या ग्रंथालयात माझ्या विषयाच्या कपाटाशेजारीच वैद्यकाचं कपाट आहे, ते माझं दुर्दैव. हाताची बोटं हळू चालायला लागण्याची नऊ कारणं मी वाचली आणि त्यांतली सात मला तिला लागू पडतील असं वाटलं. प्रबंधाचं चौथं प्रकरण उघडून बसते, एक वाक्य लिहिते, उठते, खाली कपडे धुवायच्या खोलीत जाते आणि धुवायला काही नेलंच नाही हे तिथे गेल्यावर कळतं.

तुम्ही मला त्रास नको म्हणून काही पोटात ठेवत असाल तर तो त्रास दुप्पट होऊन इथे पोहोचतो आहे. आत्याकडून एक ओळ लिहून घ्या. तिच्या हाताने. वाकडी असली तरी चालेल.

माया पातळ करू नका, मी काळजीने बोलते आहे.
बयो


७ जुलै

चि. बयो ऊर्फ चौकशी खिडकी हिस,
काकाचे आशीर्वाद.

तुझा बाप गेले चार दिवस तुझं पत्र खिशात घेऊन फिरतो आहे. काढतो, वाचतो, घडी घालतो. काल त्याने दुधात मीठ घातलं. म्हणून उत्तर मी देतो. माझे पाय गेले, अक्कल आणि हात जागेवर आहेत.

आत्याची प्रकृती ठणठणीत आहे. हात शाबूत आहेत, कात्री सरसर चालते आहे. हे मी शपथेवर सांगतो. याउपर विचारशील तर मी झोपलो आहे असं समज.

तू तिकडे बसून चादरीची मिनिटं मोजतेस. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, फक्त तुझ्याकडे उंटसुद्धा विद्यापीठाचा आहे. तुला शाळेत घालायच्या आधी या खाटेशेजारी बसवून मी वर्तमानपत्र वाचायला शिकवलं, ते तू बातमीतल्या गाळलेल्या जागा हुडकत बसशील म्हणून नाही. खांबावरून पडलो तेव्हा विजेच्या तारा जोडायचा धंदा गेला. तेव्हापासून मला एकच धंदा आहे, तुझं शिक्षण पुरं झालेलं बघणं. तो बुडवू नकोस.

प्रबंध लिही. अंडी खा.
खाटेवरून,
काका


१६ जुलै

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

काकांचं पत्र आलं. त्यांनी मला शांत करण्यासाठी लिहिलं आणि मी तेव्हापासून बसलेली नाही.

ते कात्री म्हणतात. आत्याची मोठी कात्री सतरा वर्षं कपाटावर कापडात गुंडाळलेली आहे. ती चालते आहे म्हणजे काय? काका शपथेवर खोटं बोलतात हे मी प्रथमच पाहिलं. ज्या घरात काकांना खोटी शपथ घ्यावी लागते तिथलं खरं किती मोठं असेल?

आत्याची ओळ आली नाही.

मी काल कार्यालयात जाऊन अभ्यास एक वर्ष थांबवण्याचा अर्ज आणला. त्यात कारणांची यादी आहे. ‘कुटुंबातील जवळच्या व्यक्तीची काळजी’ हे चौथं. त्यापुढे नातं निवडायचं: आई, वडील, नवरा किंवा बायको, मूल, इतर. आत्या नाही. मी खिडकीपाशी इतका वेळ उभी राहिले की आतल्या बाईंनी काय अडलं म्हणून विचारलं. त्या भल्या होत्या. म्हणाल्या की ‘इतर’वर खूण करा, बहुतेक लोक तेच करतात. मी पाच वर्षांची असताना काका पडले आणि आत्या एक पिशवी घेऊन आठ दिवसांसाठी आली. तेव्हापासून माझी वेणी, माझा ताप, माझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावरची पहिली सही, सगळं तिचं. आई मला आठवत नाही, आत्या आठवावी लागत नाही. ती इतर.

खूण केली आहे. सही केलेली नाही. मार्गदर्शक बाईंनी ऑक्टोबरपासून दोन वर्षांच्या संशोधनाच्या कामाला मला घेते म्हटलं होतं, ते अर्थात जाईल. जाऊ दे. घरी करणाऱ्या बाईवर प्रबंध लिहायचा आणि तीच बाई हात गमावत असताना इथे तळटीपा देत बसायचं, इतकं मला जमणार नाही.

३ ऑगस्टपर्यंत आत्याचं अक्षर दिसलं नाही तर मी सही करून अर्ज देणार आणि घरी येणार. हे धमकी म्हणून लिहीत नाही. तुम्हाला वेळा माहीत असलेल्या आवडतात, म्हणून वेळ कळवते आहे.

कृपा असू द्या, रागासकट चालेल.
बयो


२४ जुलै

चि. बयोस,
खूप खूप आशीर्वाद.

हे पत्र मी टेबलाशी बसून लिहिते आहे आणि समोर अठरा मुली खडूने कापडावर बाही आखताहेत. दोघींची उलटी आखली आहे, मला इथून दिसतंय. माझे हात कसे आहेत ते अक्षरावरून ठरव. थरथरतंय का कुठे?

मी घरी नाही. १८ मेपासून नाही. शिवण शिकवणाऱ्या एका निवासी केंद्रात मला कटिंग शिकवायचं काम मिळालं आहे, एक वर्षासाठी. घरापासून बसने पाच तास. तुझं पत्र दादाने काल मला फोनवर वाचून दाखवलं. अर्धं त्याने वाचलं. मग त्याने फोन आणि पत्र तुझ्या काकाच्या हातात दिलं, पुढचं त्याने वाचलं.

तुला सांगायचं नाही ही अट माझी. त्या दोघांना बोल लावू नकोस. तुझा प्रबंध होईपर्यंत तोंड उघडायचं नाही असं मी दोघांकडून वदवून घेतलं. कारण तुला कळलं असतं तर तू आली असतीस. म्हणाली असतीस, आठ दिवसांसाठी येते, बाबांना जमतंय का बघते. बयो, मीही आठ दिवसांसाठीच आले होते. मला कुणी थांब म्हटलं नाही, कुणी डांबलं नाही. नवव्या दिवशी तुला ताप होता आणि दहाव्या दिवशी काकाला नवी खाट आली. असंच होतं. मी आनंदाने राहिले, खोटं सांगत नाही. पण माझ्या जागी उभं करायला माणूस शोधताना सगळ्यांची नजर प्रथम तुझ्याकडे वळेल हे मला ठाऊक होतं. सगळ्यांत आधी तुझी स्वतःची.

आता हे झालं कसं ते ऐक, कारण त्यात तुझा हात आहे. मार्चमध्ये तू लिहिलं होतंस की एका देशात घरच्या आजाऱ्याचं करणाऱ्या माणसाला दर वर्षी पाच आठवडे हक्काची रजा असते आणि तेवढे दिवस दुसरं कुणीतरी येतं. ते मी जेवताना मोठ्याने वाचलं. मला काही वाटलं नाही, मी पुढच्या ओळीवर गेले. तुझा काका म्हणाला, थांब, मागची पुन्हा वाच. वाचली. मग तो म्हणाला की हिची सतरा वर्षांची रजा साठून किती झाली ते कुणीतरी काढा. दादा पेन्सिल घेऊन बसला. पंच्याऐंशी आठवडे. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला आणि त्याने विचारलं की बटाटे आधी टाकतात की पाणी. त्रेसष्टाव्या वर्षी. मी हसले आणि मग मला रडू आलं, आणि मग मी त्याला शिकवलं. कूस बदलायला शिकवायला तीन आठवडे लागले. काकाने प्रत्येक वेळी मेलो मेलो म्हणून आरडाओरडा केला, ती त्याची गंमत.

कात्री माझ्याजवळ आहे. धार अजून आहे.

तो अर्ज फाड. तुला फाडता येत नसेल तर माझ्याकडे पाठव, मी सरळ रेषेत कापून देईन. आणि त्या खिडकीतल्या बाईंना सांग की इतरांचं बरं चाललंय.

मायेत घट झालेली नाही, फक्त पत्ता बदलला आहे.
तुझी,
आत्या


२५ जुलै

चि. बयोस,
अनेक आशीर्वाद.

आत्याचे पत्र तुला मिळाले असेल. आता माझा जबाब.

चौदाही दिवसांचे काम मी केलेले आहे. नोंदी माझ्या आहेत. कागदाच्या डोक्यावर ‘बहीण, वय चोपन्न’ असे तू शाईने लिहून पाठवले होतेस. वरून आलेल्या कागदाचे शीर्षक खोडण्याची मला सवय नाही, शिवाय खोडले असते तर तुला सगळे कळले असते. सबब मी खाली लिहीत गेलो. फोनवर आत्या अंघोळीला आहे असे मी तीन वेळा सांगितले. दुसरे काही सुचले नाही. दुपारी अडीचला ते शोभले नाही हे मलाही फोन ठेवल्यावर समजले.

मात्र वेळा खोट्या नाहीत. बटाटे दहा मिनिटे लिहावेत असे मनात आले होते. काकाने तसा सल्लाही दिला. पेन टेकवले आणि हात चालेना. चौतीस वर्षांत उशिरा आलेली एकही गाडी मी वेळेवर दाखवली नाही, वरिष्ठ पाठीशी उभे असतानासुद्धा नाही. दुसऱ्याच्या नावाखाली लिहिणे मला जमले. चुकीची वेळ लिहिणे जमले नाही.

११ जूनच्या बेचाळीस मिनिटांत सहा मिनिटे बोटाला पट्टी बांधण्यात गेली. ती ‘काळजी’ या रकान्यात घालावीत की ‘घरकाम’ या, हे न कळल्याने बटाट्यांतच धरली. चुकले असल्यास दुरुस्त कर.

तुझ्या अभ्यासात माझ्यामुळे खोट आली, याचे वाईट वाटते. तू लहानपणी माझ्याजवळ बसून घड्याळ शिकलीस. मी तुला अशी नोंद पाठवायला नको होती.

लोभ ठेव, या खेपेला मी मागतो आहे.
बाबा


५ ऑगस्ट

ती. बाबा आणि ती. काका यांस,
सा. न. वि. वि.

अर्ज फाडला. सरळ रेषेत नाही फाटला, आत्याला सांगू नका.

पहिला दिवस मी तुम्हा तिघांवर रागावण्यात घालवला. दुसऱ्या दिवशी स्वतःवर आले, तिथे मला सवय आहे. तिसऱ्या दिवशी मार्गदर्शक बाईंकडे जाऊन सगळं सांगितलं. मला वाटलं होतं त्या म्हणतील की खोटी माहिती, काढून टाक. त्यांनी कागद हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि विचारलं की हे वरचं कुणी लिहिलं. मी म्हटलं की मी. भरणाऱ्यांचा वेळ वाचावा म्हणून. त्यांनी विचारलं की बाराही घरांत का. मी हो म्हटलं आणि माझे कान तापले.

बाबा, खोट तुमच्या नोंदीत नाही. मी अकरा अनोळखी घरांत गेले, दारात जी बाई दिसली तिचं नातं आणि वय लिहिलं आणि कागद तिच्या हातात दिले. कोण करतं हे मी कुणालाच विचारलं नाही. ज्या कायद्यांवर मी दोन प्रकरणं टीका केली आहे, की ते एका घरात एकच माणूस धरून चालतात, तेच मी स्वतःच्या शाईने केलं. आपल्या घरी तर विचारायचा प्रश्नच नव्हता. काकांचं करणारी म्हणजे आत्या. भिंत म्हणजे भिंत, तसं.

गेले काही दिवस मी त्या अकरा घरी पुन्हा गेले. पायांना फोड आले, पण निदान फिरायला कारण होतं. तीन घरांत डोक्यावरचं माणूस खरं नव्हतं. एका ठिकाणी अर्धं काम खालच्या मजल्यावरची शेजारीण करते. एका ठिकाणी नवरा करतो, पण त्याला ते बाहेर कळायला नको होतं. तिसऱ्या घरची बाई म्हणाली की तुम्ही माझं नातं आणि वय इतकं सुबक लिहून आणलं होतं की नाही म्हणवेना.

बाई म्हणतात, दोन रस्ते आहेत. घर क्रमांक बारा गुपचूप वगळायचं आणि अकरांवर भागवायचं. किंवा ते ठेवायचं, चूक कशी झाली ते माझ्या नावावर स्पष्ट लिहायचं आणि चौथं प्रकरण पुन्हा लिहायचं. दुसऱ्याने गुण कमी होऊ शकतात आणि दिवस फक्त सव्वीस आहेत. मला दुसरं करायचं आहे. पण त्यात आत्या गेली, बाबांनी लपवलं, काकांनी शपथ घेतली, हे सगळं येईल. नावं नसतील, पण तुम्ही तुम्हाला ओळखाल. म्हणून तिघांची लेखी संमती हवी. आत्याला वेगळं लिहिलं आहे. नाही म्हणायला कुणी संकोच करू नका. नाही म्हटलंत तर मी बारावं घर काढीन आणि एक अक्षर बोलणार नाही.

लवकर लिहा. माझं उभ्या उभ्या जेवणं चालू आहे.
तुमचीच, चुकांसकट,
बयो


१३ ऑगस्ट

चि. बयोस,
काकाचे आशीर्वाद.

संमती आहे. तुझ्या बापाची सही खाली आहे, त्याने तारखेपुढे वेळही घातली आहे. आत्याने फोनवर मला सांगितलं की तिने तुला परस्पर कागद पाठवला.

माझ्या दोन अटी. पहिली, मी खोटी शपथ घेतली असं लिहू नकोस. कात्री सरसर चालत होती, शब्द न् शब्द खरा होता. दुसरी अशी. तुझ्या बाराही घरांच्या कागदांवर आजाऱ्याचं करणाऱ्यांचे रकाने आहेत. ज्याचं करायचं त्याला तू काही विचारलं नाहीस. मी सतरा वर्षं लोकांच्या हातांखाली आहे. एवढं लिही की आत्याचा हात सवयीचा होता आणि मला त्याची किंमत कळेनाशी झाली होती. तुझ्या बापाचा हात अजून दर वेळी विचारतो, दुखलं का. आणि एवढंही लिही की बहीण घराबाहेर पडली त्या दिवशी या माणसाला सतरा वर्षांत प्रथम वाटलं की आपण कुणाच्या वाटेत नाही.

हे तळटीपेत घातलंस तर याद राख.

काका

मी वरील मजकूर वाचला असून मला मान्य आहे. तुझे बाबा. १३ ऑगस्ट, सायं. ५.१७.


१ सप्टेंबर

ती. बाबा आणि काका यांस,
सा. न. वि. वि.

काल दुपारी प्रबंध दिला. घेणाऱ्या बाईंनी शिक्का मारला आणि पुढच्याला बोलावलं. इतक्या महिन्यांचं एवढंच वाजतं.

काकांचं वाक्य तळटीपेत नाही. प्रकरण त्यानेच संपतं. मार्गदर्शक बाईंनी तिथे पेन्सिलीने काही खूण केली आणि मग ती खोडरबराने पुसली. विचारायचा धीर झाला नाही. कामासाठी त्यांनी पुन्हा विचारलं, ५ ऑक्टोबरपासून. मी हो म्हटलं आणि जिना उतरताना तीन वेळा परत जाऊन नाही म्हणावंसं वाटलं.

आता खरं सांगते. मला घरी यायचं आहे. मधले आठवडे मोकळे आहेत. आठ दिवसांसाठी. हा आकडा लिहिला आणि माझीच मी दचकले. मला आत्याचं पत्र पाठ आहे. मी बाबांना कूस बदलताना पाहीन, मला वाटेल की मी करते, दोनच मिनिटं. मग काकांना सर्दी होईल. मग पाच ऑक्टोबर येईल आणि मी म्हणेन की पुढच्या आठवड्यात जाते. मला माझी खात्री नाही, बाबा. इतरांच्या घरांबद्दल सत्तर पानं लिहिली आणि स्वतःच्या घराच्या दारात कशी वागेन हे सांगता येत नाही.

तुम्ही ठरवा. येऊ की नको? आत्या म्हणते, दादाला विचार, वेळेचं त्याला कळतं.

माया आहेच, पण या वेळी सल्लाही द्या.
बयो


९ सप्टेंबर

चि. बयोस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

ये.

डेपोतला एक नियम तुला सांगितला होता की नाही, आठवत नाही. आत येणाऱ्या गाडीला फलाट देण्याआधी तिची सुटण्याची वेळ फळ्यावर लिहायची. नुसती येण्याची वेळ असेल तर गाडी आत घेत नाहीत. चालक दमलेला असतो, चहा प्यायला जातो, ओळखीचे भेटतात, आणि ती गाडी फलाट अडवून बसते. मागच्या गाड्या बाहेर रस्त्यावर. माझ्या काळात हे एकदाही झाले नाही.

त्याप्रमाणे स्वयंपाकघराच्या दाराशी काकाने जुना फळा टांगून घेतला आहे. त्यावर माझ्या हाताने लिहिले आहे: बयो. सुटणे, २९ सप्टेंबर, सकाळी ६.४०. येण्याची वेळ खाली मोकळी ठेवली आहे, ती तू कळव. ६.४० काकाला त्याच्या खाटेवरून दिसते. काका म्हणतो की तुला थंडी, ताप, पडसे, प्रेम काहीही झाले तरी तो ६.३०ला आरडाओरडा सुरू करील. आत्या २७ला दोन दिवस रजा काढून येत आहे. पाहुणी म्हणून येत आहे, असे तिने दोनदा सांगितले. तिचीही सुटण्याची वेळ फळ्यावर आहे. तिला बरे वाटले असावे. फोनवर तिने ती वेळ मला पुन्हा वाचायला लावली.

तुझ्या कागदांपैकी एक कोरा उरला होता. डोक्यावर काही लिहिलेले नव्हते. तो मी काल भरला. वर लिहिले: भाऊ, वय त्रेसष्ट. सोबत जोडत आहे, प्रबंधात घालण्यासाठी नव्हे, तुझ्याजवळ असू द्यावा म्हणून. चार बटाटे, १०.१५ ते १०.३३. साल अजून तुटते. तू आलीस की नऊचा पाढा सावकाश म्हणावा लागेल.

आशीर्वाद आहेत, फलाट मोकळा आहे.
तुझे,
बाबा